टाकीत कोळंबीचे बीज किती दाट सोडावे? गोड्या पाण्यातील कोळंबीच्या नर्सरीचा हिशेब

बीज आणायला निघण्याआधी पहिला प्रश्न असतो तो हा : हजार लिटर पाण्यात किती पिल्ले बसतील? माशांच्या बीजासाठी हा प्रश्न ठीक आहे, मासा पाण्यात पोहत असतो. कोळंबीचे पिल्लू मात्र पोस्ट लार्वा अवस्थेला पोचले, म्हणजे अळीचे रूप संपून छोटी कोळंबी झाले, की पोहणे बरेचसे सोडून देते आणि बुडाला, भिंतीला, जाळीला किंवा हवेच्या नळीला धरून बसते. मधले मोकळे पाणी त्याच्या फारसे कामाचे नसते. म्हणून कोळंबीला लागणारी जागा चौरस मीटरमध्ये मोजायची. लिटरचा हिशेब लागतो तो घाणीसाठी, म्हणजे अमोनियासाठी. हे दोन्ही हिशेब वेगवेगळे करायचे आणि ज्यात लहान आकडा येईल तेवढेच बीज सोडायचे. पुढचे सगळे तपशील याच दोन हिशेबांभोवती आहेत.

हा लेख मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या जातीबद्दल आहे. हिलाच आपल्याकडे जंबो कोळंबी किंवा स्कॅम्पी म्हणतात, विदर्भात नुसते झिंगा म्हटले तरी चालते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने निवड पद्धतीने सुधारलेला सिफा-जीआय स्कॅम्पी हा वाणही याच जातीचा. इथे दिलेले आकडे जैविक फिल्टर (जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणारी गाळणी) नसलेल्या, रोज पाणी बदलून चालवायच्या सिमेंटच्या किंवा फायबरच्या टाकीसाठी आहेत.

नर्सरी कशासाठी आणि कधी

या कोळंबीच्या अळ्या गोड्या पाण्यात वाढत नाहीत. त्यांना हजारी १२ भागांच्या आसपास क्षाराचे मचूळ पाणी लागते. हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी शोधून काढले आणि तिथूनच हॅचऱ्यांचा, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रांचा, मार्ग मोकळा झाला. त्यामुळे बहुतेक हॅचऱ्या समुद्राजवळ असतात, आणि बीज शेततळ्यापर्यंत येते ते लांबचा प्रवास करून, ७-८ मिलिमीटर लांबीचे आणि १० मिलिग्रॅमच्या आसपास वजनाचे. एवढे पिल्लू थेट तळ्यात सोडले तर चतुराच्या अळ्या, पाणढेकूण, बेडूक आणि तळ्यातले उरलेसुरले मासे त्यातले किती ठेवतील याचा नेम नसतो. टाकीत महिना-दीड महिना वाढवलेले पिल्लू या शत्रूंपुढे तग धरते.

दुसरे कारण ऋतूचे. पाणी २८ ते ३१ अंश सेल्सिअस असेल तर कोळंबी जोमाने वाढते, २४ च्या खाली मंदावते, १४ च्या आसपास मरू लागते. विदर्भातल्या शेततळ्यांत आणि माजी मालगुजारी तलावांत पाणी येते जुलैत आणि डिसेंबरात थंडी वाढ अडवते. मध्ये जेमतेम पाच महिने मिळतात. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बीज टाकीत घेतले तर तळे भरेपर्यंत पिल्ले तयार असतात, म्हणजे वाढीचा एक महिना आधीच पदरात पडलेला असतो.

दाटी वाढली की नेमके काय होते

पिल्लू आठवड्याला साधारण एकदा कात टाकते. जुने कवच सुटल्यावर काही तास अंग मऊ असते, नांग्यांत जोर नसतो, पळताही येत नाही. शेजारी कडक कवचाचे दुसरे पिल्लू असेल आणि आडोसा नसेल तर मऊ पिल्लू खाल्ले जाते. दाटीतली मर मुख्यतः अशी होते. ती रोज थोडी थोडी होते आणि मेलेले पिल्लू शिल्लक राहत नाही, म्हणून मालकाला कळतही नाही. तळाशी मृत पिल्ले दिसत नाहीत म्हणजे सगळे ठीक आहे, ही या धंद्यातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे.

दुसरा परिणाम वाढीतल्या तफावतीचा. एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांतही काही झपाट्याने पुढे जातात. ही आगाऊ पिल्ले खाद्याजवळची जागा धरतात, बाकीची दबकून राहतात, कमी खातात, मागे पडतात. दाटी जितकी जास्त तितकी ही दरी रुंद. पुढे तळ्यात निळ्या नांगीचे, नारिंगी नांगीचे आणि खुरटे असे तीन प्रकारचे नर दिसतात, त्यातल्या खुरट्यांची सुरुवात पुष्कळदा नर्सरीतच झालेली असते.

तिसरा परिणाम पाण्याचा. जास्त पिल्ले म्हणजे जास्त खाद्य, जास्त खाद्य म्हणजे जास्त अमोनिया. अमोनियाने पिल्लू लगेच मरत नाही, पण खाणे कमी करते आणि कात टाकताना अडकते. म्हणजे तिसरा परिणाम पहिल्या दोन्हींना खतपाणी घालतो.

पहिला हिशेब : जागा

उदाहरणाला ५ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच टाकी घेऊ. पाणी ८० सेंटिमीटर ठेवायचे, म्हणजे ८ घनमीटर किंवा ८,००० लिटर.

बुडाचे क्षेत्र १० चौरस मीटर. भिंतींचा परीघ १४ मीटर, त्याला ०.८ ने गुणले की ११.२. एकूण साधारण २१ चौरस मीटर. रिकाम्या टाकीत पिल्लांना बसायला एवढीच जागा आहे.

आता आडोसा. पन्नास टक्के सावलीची हिरवी किंवा काळी शेडनेट घ्यावी. ४.५ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच असे पट्टे कापावेत. पट्ट्याच्या वरच्या कडेला नायलॉनची दोरी ओवून ती टाकीच्या दोन्ही टोकांना ताणावी, खालच्या कडेला वाळू भरलेली अर्धा इंची पीव्हीसी नळी बांधावी. बुडापासून १० सेंटिमीटर मोकळे सोडावे, नाहीतर सायफनने घाण काढता येत नाही. एका पट्ट्याचे क्षेत्र २.७ चौरस मीटर, आणि पिल्ले दोन्ही बाजूंना बसतात म्हणून ५.४ धरायचे. असे १५ पट्टे म्हणजे ८१ चौरस मीटर. दोन मीटर रुंदीत ते साधारण १२ सेंटिमीटर अंतराने बसतात. टाकीची २१ मिळवली की १०० चौरस मीटरच्या आसपास जागा झाली. पाणी तेवढेच, जागा जवळजवळ पाचपट.

जाळी आडवी, थरांत मांडणारेही आहेत. आडव्या थरावर खाद्य अडते आणि पिल्ले तिथेच बसून खातात हा फायदा. पण घाणही तिथेच साचते आणि ती काढायला थर उचलावे लागतात. माणूस एकच असेल तर उभे पट्टे बरे. माशांची जुनी बारीक नायलॉनची जाळी वापरू नये, पिल्लांचे पाय आणि सोंड त्यात अडकतात. विटा, कौले, नळ्यांचे तुकडे बुडावर टाकण्याची पद्धत मोठ्या कोळंबीला ठीक आहे, नर्सरीत त्यांच्याखाली सडलेले खाद्य लपते.

किती दाट, ते किती दिवस ठेवणार यावर अवलंबून आहे :

- १५ ते २० दिवस, वजन ०.०३ ग्रॅमपर्यंत : बसण्याच्या जागेच्या दर चौरस मीटरला ४००
- ३० दिवस, वजन ०.०५ ग्रॅमच्या आसपास : २००
- ६० दिवस, वजन ०.३ ग्रॅमच्या आसपास : ८०

म्हणजे आपल्या टाकीत जाळीसह अनुक्रमे ४०,०००, २०,००० आणि ८,००० बीज. जाळी नसेल तर त्याच टाकीत ३० दिवसांसाठी फक्त ४,२००. बीजाचा खर्च आणि शेडनेटचा खर्च शेजारी मांडून पाहिला की जाळी घ्यावी का, हा प्रश्न उरत नाही.

दुसरा हिशेब : अमोनिया

वर आलेला आकडा पाणी पेलेल का, ते आता तपासायचे. खाद्यातून सुटणारा एकूण अमोनिया काढायचे सोपे सूत्र असे : खाद्याचे वजन गुणिले प्रथिनांचे प्रमाण गुणिले ०.०९२. चाळीस टक्के प्रथिनांचे १०० ग्रॅम खाद्य म्हणजे १०० × ०.४ × ०.०९२, साधारण ३.७ ग्रॅम अमोनिया नायट्रोजन.

तिसावा दिवस धरू. २०,००० पिल्ले, प्रत्येकी ०.०५ ग्रॅम, एकूण १ किलो. मर झालीच नाही असे इथे मुद्दाम धरले आहे, हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. वजनाच्या १० टक्के खाद्य म्हणजे रोज १०० ग्रॅम. त्यातून ३.७ ग्रॅम अमोनिया, ८,००० लिटरमध्ये म्हणजे लिटरला ०.४६ मिलिग्रॅम, रोज. दररोज ४० टक्के पाणी बदलले तर काही दिवसांत हा आकडा ०.४६ भागिले ०.४, म्हणजे १.१५ मिलिग्रॅमपाशी स्थिरावतो.

हे चालेल की नाही, ते सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, पीएच) ठरवतो. विषारी असतो तो मुक्त अमोनिया, आणि एकूण अमोनियातला त्याचा वाटा सामू वाढला की झपाट्याने वाढतो. तीस अंश तापमानाला सामू ८ असताना हा वाटा ७.५ टक्के, ८.५ असताना २० टक्के, ९ असताना ४५ टक्के. मुक्त अमोनिया लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा आहे. १.१५ चे ७.५ टक्के म्हणजे ०.०९, निभावले. पण त्याच टाकीत शेवाळ धरले आणि दुपारी सामू ८.५ झाला तर ०.२३ होतो. पिल्ले तेवढीच, खाद्य तेवढेच, पाणी बदलणेही तेवढेच, आणि टाकी धोक्यात. म्हणून नर्सरीवर सावली हवी. उन्हाळ्यात टाकीवर ७५ टक्क्यांची शेडनेट किंवा छप्पर असावे. त्याने शेवाळ कमी राहते आणि तापमानही ३३ च्या वर जात नाही.

आता हीच २०,००० पिल्ले साठ दिवस ठेवायची म्हटले तर? वीस टक्के मर धरली तरी १६,००० पिल्ले प्रत्येकी ०.३ ग्रॅमची, म्हणजे ४.८ किलो. सात टक्के खाद्य ३३६ ग्रॅम, अमोनिया रोज लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त. अर्धे पाणी रोज बदलले तरी ३ च्या वर जाणार. म्हणजे साठ दिवसांची नर्सरी करायची तर सुरुवातीलाच ८,००० सोडा, किंवा २०,००० सोडून तिसाव्या दिवशी प्रतवारी करून दोन-तीन टाक्यांत विभागा. दुसरा मार्ग जास्त चांगला. पहिल्या महिन्यात एकच टाकी सांभाळावी लागते आणि आगाऊ पिल्ले वेळेवर वेगळी होतात.

प्रत्यक्षात भिंतींवर आणि जाळीवर साचलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर बराच अमोनिया खातो, त्यामुळे मोजणीत आकडे कमी येतात. तो थर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. हिशेब करताना त्याच्यावर विसंबू नये. पण जाळी आधीपासून मुरवलेली, म्हणजे हा थर आधीच धरलेली असेल तर पहिल्या पंधरवड्यात मोठा हातभार लागतो.

टाकी तयार करणे

नवी सिमेंटची टाकी असेल तर बीज मागवण्याआधी किमान तीन आठवडे पाणी भरून ठेवावे आणि दर तीन-चार दिवसांनी ते पूर्ण बदलावे. कच्च्या सिमेंटमुळे सामू १० च्या वर जाऊ शकतो. भरलेले पाणी तीन दिवस ८.५ च्या खाली राहिले की टाकी वापरण्याजोगी झाली.

पाणी विहिरीचे असो वा कालव्याचे, आत घेताना २५० मायक्रॉनच्या पिशवीतून गाळावे. मग ब्लीचिंग पावडर. तीस टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर ८,००० लिटरला २७० ग्रॅम घातली की लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन होते. पावडर बादलीत विरघळवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणीच टाकावे. दोन-तीन दिवस हवा सोडत ठेवावी आणि क्लोरीन तपासणीच्या थेंबांनी पाहावे. रंग आला तर थांबावे किंवा सोडियम थायोसल्फेट घालावे. जाळीचे पट्टे क्लोरीन पूर्ण गेल्यावर लावायचे. जाळी आधी मुरवायची असेल तर क्लोरीन गेलेल्या स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या ड्रममध्ये, चिमूटभर खाद्य टाकून, हवा सोडून ठेवावी. माशांच्या तळ्यात मुरवलेली जाळी रोग घेऊन येते.

पाण्याचा कठीणपणा लिटरला ३० ते १५० मिलिग्रॅम असावा. कोकणात जांभ्याच्या भागातले पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते. त्यात कवच नीट घट्ट होत नाही, पिल्लू जास्त वेळ मऊ राहते आणि दाटीत ते मारक ठरते. तिथे चुनखडीची पूड किंवा शिंपल्यांची पिशवी टाकीत ठेवून कठीणपणा वाढवावा आणि पुन्हा मोजावा. याउलट मराठवाड्यातल्या काही बोअरचे पाणी ३०० च्याही वर असते. त्यात वाढ खुंटते. असे पाणी पावसाच्या किंवा तलावाच्या पाण्यात मिसळूनच वापरावे.

हवेसाठी दर दीड चौरस मीटरला एक एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड), म्हणजे या टाकीला सहा ते सात. ब्लोअर दोन असावेत आणि एक बॅटरीवर चालणारा. दाट टाकीत रात्री वीज गेली तर सकाळपर्यंत वाट पाहण्याइतका अवकाश नसतो. ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवावा, ३ च्या खाली कधीच जाऊ देऊ नये.

टाकीच्या कडेवर २० सेंटिमीटर उभी मच्छरदाणीची पट्टी लावावी. पिल्ले पाण्याच्या धारेविरुद्ध चढतात, ओल्या भिंतीवरून आणि नळीवरून बाहेर पडतात. सकाळी टाकीभोवती वाळलेली पिल्ले सापडली तर आधी पाणी तपासावे, कारण घुसमटलेली पिल्लेही वर चढतात. पाणी ठीक असेल तर धार बंद करावी.

बीज घेणे, मोजणे, सोडणे

हॅचरीला तीन गोष्टी विचाराव्यात : पोस्ट लार्वा होऊन किती दिवस झाले, पाणी पूर्ण गोडे केले आहे का, आणि पांढऱ्या शेपटीच्या रोगासाठी पीसीआर तपासणी झाली आहे का. हा रोग विषाणूचा आहे. शेपटीचे मांस दुधासारखे पांढरे होते आणि नर्सरीतली जवळजवळ सगळी पिल्ले काही दिवसांत जाऊ शकतात. त्यावर औषध नाही. घनतेचा सगळा हिशेब करून रोगट बीज आणले तर हिशेबाला अर्थ राहत नाही.

पिशव्या आल्या की २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवाव्यात. मग दर दहा मिनिटांनी पिशवीत टाकीचे थोडे पाणी घालत तासाभरात पाणी जुळवावे. तापमानात दोन अंशांपेक्षा आणि सामूत अर्ध्यापेक्षा जास्त फरक असताना सोडू नये. सोडायची वेळ संध्याकाळची.

मोजल्याशिवाय सोडू नये. पिशवीवर लिहिलेला आकडा अंदाजाचा असतो, कधी कमी, कधी जास्तही. ५० लिटरच्या टबात सगळे बीज घ्यावे, हाताने हलके ढवळत राहावे आणि १०० मिलिलिटरच्या कपाने दहा वेळा नमुना घेऊन मोजावे. सरासरी ४० आली तर ४० गुणिले ५००, म्हणजे २०,०००. दहा कपांत फार तफावत असेल तर ढवळणे नीट झालेले नाही, पुन्हा करावे. मोजणी होईपर्यंत टबात हवा चालू हवी.

त्याच वेळी शंभर पिल्ले टाकीतच एका छोट्या हाप्यात (बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) वेगळी ठेवावीत. दुसऱ्या दिवशी त्यातली ९५ जिवंत हवीत. ८० च उरली तर प्रवासाने नुकसान केले आहे. हा नमुना नसेल तर महिन्याने कमी भरलेली पिल्ले प्रवासात गेली की दाटीत, याचा उलगडा कधीच होत नाही.

खाद्य

पहिल्या आठवड्यात वजनाच्या २० ते २५ टक्के, मग उतरत महिन्याअखेर १० टक्के. ३५ ते ४० टक्के प्रथिनांचा चुरा वापरावा. कण सुरुवातीला ०.३ ते ०.५ मिलिमीटर, तिसऱ्या आठवड्यापासून १ मिलिमीटरपर्यंत. पहिले पाच-सहा दिवस हॅचरीत देतात तसा अंड्याचा वाफवलेला कस्टर्ड गाळणीतून घासून दिला तर पिल्ले पटकन खाण्यावर येतात, पण त्याने पाणी लवकर खराब होते. आठवड्यानंतर बंद करावा.

दिवसाला चार वेळा द्यावे आणि साठ टक्के भाग संध्याकाळनंतर, कारण कोळंबी रात्री जास्त खाते. खाद्य पट्ट्यांच्या मधल्या प्रत्येक रांगेत पोचले पाहिजे. एका कोपऱ्यात टाकले तर आगाऊ पिल्ले तो कोपरा बळकावतात आणि बाकीची टाकी उपाशी राहते. मग घनता कागदावर २०० असते आणि त्या कोपऱ्यात हजार.

टाकीच्या दोन टोकांना एकेक चेक ट्रे, म्हणजे खाद्य किती उरले ते पाहायची थाळी, ठेवावी. दोन तासांनी ट्रे रिकामा दिसला तर पुढच्या वेळी दहा टक्के वाढ, उरले असेल तर कपात. अनेक दिवस वजनाप्रमाणे खाद्य वाढवत गेलात आणि पाणी ठीक असूनही ट्रेमधले उरणे वाढत गेले, तर पिल्ले कमी झालेली आहेत. जाळीत लपलेली पिल्ले मोजता येत नाहीत, त्यामुळे मर ओळखायला ही मोठी खूण हाती राहते.

रोज सकाळी सायफनने बुडाची घाण काढून पाणी बदलावे. बाहेर पडणारे पाणी गाळणीतून जाऊ द्यावे आणि गाळणीतले तपासावे. रिकामी कवचे दिसली तर चांगले, पिल्ले कात टाकत आहेत. अर्धवट खाल्लेली शरीरे, तुटलेले पाय दिसू लागले तर दाटी बोलू लागली. अंगावर कापसासारखे लव आले तर सेंद्रिय घाण वाढली आहे. खाद्य घटवून पाणी जास्त बदलले की पुढच्या कातीबरोबर ते निघून जाते.

वजन आणि प्रतवारी

आठवड्याला एकदा वेगवेगळ्या पट्ट्यांवरून शंभर पिल्ले घ्यावीत, ओल्या कापडावर निथळून सोनाराच्या काट्यावर एकत्र वजन करावे. पाच ग्रॅम भरले तर सरासरी ०.०५.

एकट्या सरासरीवर मात्र भरवसा ठेवू नये. फार दाट टाकीत कधी कधी सरासरी वजन चांगले येते, कारण लहान पिल्ले मोठ्यांच्या पोटात गेलेली असतात. समजा एका टाकीत २०,००० सोडून १६,००० निघाली, सरासरी ०.०५ ग्रॅम. दुसऱ्या टाकीत ४०,००० सोडून १८,००० निघाली, सरासरी ०.०६. वजनाच्या वहीत दुसरी टाकी सरस दिसेल. प्रत्यक्षात तिथे २०,००० जास्तीचे बीज विकत घेऊन २,००० पिल्ले जास्त मिळाली, बाकीच्या बीजाचे महागडे खाद्य झाले.

म्हणून त्या शंभरातली सर्वांत मोठी दहा आणि सर्वांत लहान दहा वेगळी तोलावीत. मोठ्यांचे वजन लहानांच्या पाचपटीच्या वर गेले तर प्रतवारीची वेळ झाली. समांतर पीव्हीसी पट्ट्यांची चौकट किंवा योग्य आसाची जाळी लावलेला ट्रे पाण्यात अर्धवट बुडवून त्यावर पिल्ले सोडावीत, लहान खाली निसटतात. फट किती ठेवायची ते थोड्या पिल्लांवर करून पाहावे : तीस-चाळीस टक्के वर राहतील अशी निवडावी. मोठी एका टाकीत, लहान दुसऱ्या टाकीत. लहानांतली बरीच पिल्ले दडपण गेल्यावर भराभर वाढतात, ती फेकू नयेत. ज्या दिवशी कवचांचा खच दिसतो त्या दिवशी प्रतवारी टाळावी, मऊ पिल्ले हाताळणीत मरतात.

क्रेफिशबद्दल थोडेसे

क्रेफिशची पिल्ले पाळता येतील का, असे विचारणारे हल्ली वाढले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रेडक्लॉ क्रेफिशची शेती होते आणि तिथेही पिल्लांसाठी जाळीचे गठ्ठे पाण्यात टाकतात, कारण तेच : कात टाकणाऱ्याला लपायला जागा. क्रेफिशला मचूळ पाण्याची अळी अवस्था नसते, मादीच्या पोटाखालून थेट छोटे क्रेफिश बाहेर पडते, ही मोठी सोय आहे. पण परदेशी जात सरकारी परवानगीशिवाय आणणे बेकायदा आहे, आणि नदी-नाल्यात सुटलेली क्रेफिश परत गोळा करता येत नाही. जागेचा आणि अमोनियाचा हिशेब शिकायला जंबो कोळंबी पुरेशी आहे.

बाहेर काढणे

पहाटे पाणी २० सेंटिमीटरपर्यंत उतरवावे. पट्टे एकेक करून टबावर उचलून झटकावेत, मग बुडावरची पिल्ले मऊ जाळीच्या डोलीने गोळा करावीत. ०.३ ग्रॅमचे पिल्लू पिशवीतून नेताना सोंडेने भोक पाडते. दुहेरी पिशवी वापरावी, आत शेडनेटचा एक तुकडा टाकावा म्हणजे धरायला जागा मिळते, आणि लिटरला २५ ते ४० पेक्षा जास्त भरू नयेत. पाणी २४-२५ अंशांपर्यंत हळूहळू थंड केलेले असावे.

निघालेली १६,००० पिल्ले एक एकर तळ्यात फक्त कोळंबी करायची असेल तर चौरस मीटरला चार या दराने पुरतात. कटला-रोहूबरोबर करायची असेल तर तीच पिल्ले तीन-चार एकरांना होतील. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र नकोत, ते तळाशी कोळंबीच्याच खाद्यावर येतात.

टाकी रिकामी झाली की वहीत पाच आकडे लिहावेत : सोडलेले बीज, चोवीस तासांच्या नमुन्यातली जिवंत पिल्ले, निघालेली पिल्ले, एकूण वजन, आणि मोठ्या-लहान दहांच्या वजनांचे प्रमाण. ८० टक्क्यांच्या वर पिल्ले निघाली आणि प्रमाण तीनच्या आत असेल तर पुढच्या खेपेला दहा-पंधरा टक्के बीज वाढवून पाहावे. ६० टक्क्यांच्या खाली असेल आणि चोवीस तासांचा नमुना चांगला असेल, तर बीज कमी करण्याआधी पट्टे वाढवता येतात का ते पाहावे. शेडनेटचे चार पट्टे वाढवले की २१-२२ चौरस मीटर जागा मिळते, रिकाम्या टाकीत बुडाची आणि भिंतींची मिळून होते तेवढी.